तुपाची वाटी

आखाडा बाळापुरात कुणाला कुत्रं चावलं, की आधी गर्दी जमते आणि मग सल्ले जमतात. जखमेवर चुना लावा, असं एक जण सांगतो. दुसरा तिखट आणायला घरात वळतो. हळद तर कुणीही सुचवतं. हळदीच्या मुलखात तिला काय तोटा! कुत्रं कुणाचं होतं, पिसाळलेलं दिसत होतं का, कुठल्या गल्लीत पळालं, ही चौकशी चालू असतानाच कुणीतरी शहाणा माणूस मोटारसायकल काढतो आणि जखमीला मागे बसवून दवाखान्यात नेतो. तिथे सुई टोचली जाते, पुढच्या सुयांच्या तारखा कागदावर लिहून मिळतात आणि प्रकरण मिटतं. मिटतं ते माणसापुरतं. कुत्र्याचं पुढे काय झालं, हे सहसा कुणी विचारत नाही.

नांदेडहून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं, हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातलं हे बाजारपेठेचं गाव. अकोला जिल्ह्यातलं किल्ल्याचं बाळापूर वेगळं, हे आखाडा बाळापूर. २१ मार्च २०२४ च्या पहाटे या पट्ट्यात भूकंपाचे धक्के बसले, तेव्हा गावाचं नाव राज्यभर छापून आलं. कुत्रं चावल्यानं कुठल्या गावाचं नाव होत नाही. ती रोजची गोष्ट.

पण कुत्र्याची एक गोष्ट या जिल्ह्यातून निघाली आणि साऱ्या महाराष्ट्राच्या कीर्तनांत पोचली. कयाधूकाठचं नरसी हे परंपरेनं नामदेवांचं जन्मगाव, साल १२७०. नामदेवांच्या ताटातली पोळी एका कुत्र्यानं पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. कोरडी खाऊ नकोस, तूप तर लावू दे, अशी विनवणी करत. गोष्ट सांगताना कीर्तनकार स्वतः चार पावलं धावून दाखवतो, मंडपात हशा पिकतो आणि बायाबापड्या डोळ्यांना पदर लावतात. त्या कुत्र्यानं नामदेवांना चावा घेतला असता तर, हा प्रश्न मात्र मंडपात कुणी काढत नाही.

नामदेवांना कुत्र्यात देव दिसला, त्यामागे आणखी एक गोष्ट आहे आणि तीही याच जिल्ह्यातली. औंढा नागनाथाच्या देवळात विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून झोपले होते. नामदेव चिडले. म्हातारा म्हणाला, मला उठवत नाही, तूच माझे पाय उचल आणि जिथे देव नसेल तिथे ठेव. नामदेवांनी पाय हलवले, तर जिथे ठेवावेत तिथे पिंड. ही गोष्ट इतरत्रही सांगतात, पण हिंगोली जिल्ह्याच्या लेखी ती औंढ्याचीच. त्या दिवसापासून विसोबा गुरू आणि नामदेव शिष्य.

सातशे वर्षांपूर्वीचा विसोबांचा हा पेच आजच्या प्रयोगशाळेत नेऊन ठेवला, तर तो अधिकच अवघड होतो. देव नसलेली जागा कुठेच नसेल, तर तो कुत्र्याच्या लाळेतल्या रेबीजच्या विषाणूतही आहे. हिवतापाच्या जंतूत आहे, गाईच्या कानामागे चिकटलेल्या गोचिडात आहे, माणसाच्या पोटरीतून बाहेर पडणाऱ्या नारूतही आहे. मग लस टोचणं म्हणजे काय? एखाद्या रोगाचा जंतू पृथ्वीवरून कायमचा नाहीसा करायचा, असं सरकारं आणि शास्त्रज्ञ ठरवतात, तेव्हा नेमकं काय घडतं? संतांच्या ‘सर्वांभूती’ या शब्दात जंतू बसतात की नाही?

संतांना जंतू माहीत नव्हते, असं म्हणून हा प्रश्न झटकता येतो. पण डोळ्यांना न दिसणारे जीव असतात आणि ते आपल्या हातून मरतात, हे या देशात काही लोकांनी फार पूर्वी गृहीत धरलं होतं. जैन परंपरेत त्यांना निगोद म्हणतात. सुईच्या टोकाएवढ्या जागेत अनंत जीव मावतात आणि एका श्वासाच्या अवधीत अठरा वेळा जन्मून मरतात, असं त्यांचं वर्णन आहे. हॉलंडमधल्या लेव्हेनहुकनं आपल्या भिंगाखाली पाण्यातले सूक्ष्म जीव पाहिले ते १६७० च्या दशकात. जैनांचं म्हणणं हे शास्त्र नव्हे, त्यांनी भिंग लावून काही पाहिलेलं नव्हतं. पण त्यातून एक रोजचा आचार निघाला आणि तो मोलाचा ठरला. पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घ्यायचं. आणि एवढ्यावर थांबायचं नाही. फडकं उलटं करून त्यावर पाणी ओतायचं आणि अडकलेले जीव ज्या विहिरीचं पाणी असेल त्याच विहिरीत परत सोडायचे. औंढा तालुक्यातल्या शिरड शहापूरला मल्लिनाथाचं दिगंबर जैन मंदिर आहे, तेव्हा हा आचार या मुलखाला परका नाही.

फडक्यानं गाळायचं ते पाण्यातल्या जिवांसाठी. पिणाऱ्याचा त्यात काय फायदा होतो, हे विसाव्या शतकात कळलं, आणि ते कळलं नारूमुळे.

नारू हा शब्द आता साठीच्या पुढच्या माणसांनाच नीट आठवतो. पायावर फोड येतो, आग आग होते, फोड फुटतो आणि त्यातून दोऱ्यासारखा पांढरा किडा डोकावतो. मादी हातभर, कधी त्याहून लांब. तो ओढून काढता येत नाही. तुटला तर जखम चिघळते. काडीला गुंडाळून रोज बोटभर काढायचा, असे दिवसचे दिवस. आग शमवायला माणूस पाय पाण्यात बुडवतो, आणि किड्यालाही तेच हवं असतं. पाण्याचा स्पर्श होताच मादी हजारो अळ्या सोडते, त्या सायक्लॉप्स नावाच्या अगदी बारीक पाणकिड्याच्या पोटात जातात, आणि ते पाणी जो पिईल त्याच्या पायातून वर्षभरानं पुढची पिढी बाहेर येते.

पाय पाण्यात बुडवायची सोय असलेली विहीर म्हणजे बारव. मराठवाड्यातल्या बारवा पाहायला आज लोक कॅमेरे घेऊन येतात, आणि यावंच, कारण त्या देखण्या आहेत. पण बारव बांधणं हे मुळात पुण्याचं काम होतं. विहिरी, तळी, धर्मशाळा बांधणं याला धर्मशास्त्र ‘पूर्त’ म्हणतं आणि यज्ञाच्या पंक्तीला बसवतं. तहानलेल्याला पाण्यापर्यंत उतरता यावं म्हणून कुणा पुण्यवंतानं पायऱ्या बांधल्या आणि त्याच पायऱ्यांवरून नारू शतकानुशतकं चढ-उतर करत राहिला. बांधणाऱ्याच्या मनात करुणाच होती. कमी होती ती माहिती. नुसत्या करुणेवर विसंबणाऱ्यानं नारूची ही गोष्ट एकदा तरी ऐकावी.

देशात नारूविरुद्धची मोहीम सुरू झाली ती १९८३-८४ मध्ये. तेव्हा सात राज्यांत मिळून वर्षाला जवळपास ४० हजार रुग्ण सापडत होते आणि त्या सातांत महाराष्ट्र होता. या रोगावर लस नव्हती. किडा मारणारं औषधही नव्हतं. मोहिमेनं मुख्यतः तीन गोष्टी केल्या. पायऱ्यांच्या विहिरी बंदिस्त करून त्यांचे आड केले किंवा गावाला हातपंप दिला. फोड आलेल्या माणसाला पाण्यात उतरू दिलं नाही. आणि घरोघरी सांगितलं, की पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्या. देशातला शेवटचा रुग्ण जोधपूर जिल्ह्यात जुलै १९९६ मध्ये नोंदला गेला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचा दाखला दिला.

जैन गृहिणीच्या हातातलं फडकं आणि नारूनिर्मूलनवाल्याच्या हातातलं फडकं एकच. तिचं गाळणं पाणकिड्याला माणसाच्या पोटापासून वाचवण्यासाठी होतं, त्याचं माणसाला पाणकिड्यापासून वाचवण्यासाठी. बांगलादेशात मतलब भागात हाच प्रयोग पटकीसाठी झाला. जुनी साडी किमान चार पदरी करून तिच्यातून पाणी गाळलं, तर पटकीचे रुग्ण सुमारे निम्म्यानं घटतात, असं रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवलं. नव्या साडीपेक्षा जुनेर बरं, कारण धुऊन धुऊन त्याचे धागे सैल होतात आणि भोकं बुजतात.

अर्थात नारूमोहीम पूर्ण अहिंसक होती, असं सोयीनं म्हणून चालणार नाही. सायक्लॉप्स मारण्यासाठी विहिरींत टेमेफॉस नावाचं औषध सोडलं जाई. ते जीव विहिरीत परत गेले नाहीत.

देवीच्या रोगाचं प्रकरण याहून विलक्षण आहे. मराठीनं त्या रोगाला देवीचंच नाव दिलं आणि क्रियापद आदरार्थी अनेकवचनी लावलं. देवी आल्या, देवी निघाल्या. घरात फोडणी बंद, बाहेरच्याला मज्जाव, दाराला कडुनिंबाचा डहाळा. पाहुणीला राग येऊ नये म्हणून पाळलेल्या या रीतींतून रुग्णाचं थोडंफार विलगीकरणही आपोआप होऊन जाई. पुढे लस आली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली, हिंदुस्थानातली ती पहिली. मराठी माणसानं या लसीलाही देवीच म्हटलं. देवी टोचल्या, देवी काढल्या. रोग, रोगाची देवता आणि रोगाला अटकाव करणारी लस, तिघींना एकच शब्द. विसोबांच्या प्रश्नाला याहून चोख उत्तर कुणा पंडितालाही सुचलं नसतं. भाषेनं मात्र ते देऊन टाकलं आणि ती पुढे गेली.

८ मे १९८० रोजी जगातून देवीचा रोग गेल्याचं जाहीर झालं. शीतला सप्तमी अजून होते. त्या दिवशी चूल पेटवत नाहीत, थंड जेवतात. देवता राहिली, रोग गेला. पण तोही पुरता गेलेला नाही. त्याचा विषाणू अमेरिकेत अटलांटाला आणि रशियात कोल्त्सोव्होला, अशा दोन ठिकाणी गोठवून ठेवला आहे. तो नष्ट करायच्या तारखा १९९३ पासून पडत आल्या आणि पुढे ढकलल्या गेल्या. ठेवा म्हणणाऱ्यांचा मुद्दा संशोधनाचा, नष्ट करा म्हणणाऱ्यांचा धोक्याचा. एका जीवजातीला कायमचं पुसणार आहोत, तर निदान क्षणभर थांबावं, असा अहिंसेचा मुद्दा या वादात कधी वजनदार ठरला नाही. विषाणूला जीव म्हणावं की नाही यावरच जीवशास्त्रज्ञांचं एकमत नाही, हे खरं. पण नारू तर निर्विवाद जीव आहे. जगात १९८६ च्या सुमारास नारूचे वर्षाला ३५ लाख रुग्ण होते, २०२४ मध्ये ते पंधराच्या आसपास उरले. तोही संपत आला आहे आणि त्याच्यासाठी कुणाच्या डोळ्यांत पाणी येणार नाही.

यावं का?

इथे परंपरेतली एक जुनी कल्पना उपयोगी पडते. तिचं नाव पंचसूना. घाबरायचं कारण नाही, या घरातल्या सुना नव्हेत. सूना म्हणजे खाटकाची जागा. मनुस्मृती सांगते, की प्रत्येक गृहस्थाच्या घरात असे पाच कत्तलखाने असतात: चूल, जातं, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. स्वयंपाक करताना, दळताना, झाडताना, कांडताना, पाणी भरताना माणूस असंख्य बारीक जीव मारतो. म्हणून चूल पेटवू नका, असं मात्र ग्रंथ म्हणत नाही. जगायचं तर पेटवावीच लागेल. मात्र या हत्येचं देणं तुमच्यावर चढतं आणि ते रोज फेडायचं. त्यासाठी पाच महायज्ञ सांगितले, त्यांतला एक भूतयज्ञ, म्हणजे इतर जिवांना अन्न ठेवणं. काकबळी आणि गोग्रास आपल्या ओळखीचे असतात ते यामुळे.

कल्पना थोर आहे. हिंसा टळत नाही, हे ती मान्य करते आणि टळत नाही म्हणून माणसाला मोकळंही सोडत नाही.

पण ग्रंथ उघडला आहे तर पुढचं पानही वाचायला हवं. भूतयज्ञाचं अन्न जमिनीवर कुणासाठी ठेवायचं, याची यादी तिथे आहे. कुत्रे आहेत, कावळे आहेत, कृमीही आहेत. आणि त्यांच्याच रांगेत समाजानं बहिष्कृत ठरवलेली माणसं आहेत, आणि पापामुळे रोग जडला असं मानलेले रुग्णही आहेत. एकाच श्लोकात किड्यापर्यंत पोचणारी दया आणि माणसाला किड्याशेजारी बसवणारा अपमान. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली या ग्रंथाचं दहन झालं, त्यामागचं कारण समजून घ्यायला एवढी एक यादीही पुरेशी आहे.

रोग म्हणजे पापाचं फळ, हा विचार महारोग्यांनी सर्वांत जास्त भोगला. कर्मविपाकाच्या ग्रंथांत कोणत्या पापाला कोणता रोग, याची जंत्रीच असते. नॉर्वेत हॅन्सननं कुष्ठरोगाचा जंतू १८७३ मध्ये शोधून काढला, तरी आपल्याकडे पूर्वजन्माचा हिशेब थांबला नाही. सेवाग्रामला १९३९ मध्ये परचुरे शास्त्री आले. संस्कृतचे विद्वान, आणि अंगावर महारोग. गांधीजी त्यांना स्वतःच्या हातांनी मालिश करत. त्याआधी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी कुष्ठरोग्यांसाठी काम सुरू केलं होतं. जमिनीवर अन्न ठेवून मागे सरण्याऐवजी ही माणसं रोग्याच्या शेजारी बसली. परंपरेत जे घेण्यासारखं होतं ते त्यांनी घेतलं आणि ती यादी टाकून दिली. पंचसूनेची कल्पनाही अशीच निवडून घ्यावी लागते.

घेतली, तर एक गोष्ट लक्षात येते. गृहस्थाच्या घरात पाच सूना होत्या. आधुनिक समाजात सहावी वाढली आहे, ती प्रयोगशाळा.

तिचा हिशेब मोठा आहे आणि आपण तो फार थोडा वाचतो. बैल दगावणारी बुळकांडी एके काळी गोठेच्या गोठे रिकामे करी. जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्यात सुरू झाली, १८९३ मध्ये ती हिमालयात मुक्तेश्वरला गेली आणि आज भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. तिथे १९२० च्या दशकात एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू बकऱ्यांच्या अंगात पिढ्यान्‌पिढ्या वाढवून सौम्य केला आणि त्यातून बैलांची लस तयार झाली. २०११ मध्ये बुळकांडी जगातून हद्दपार झाली. देवीनंतर असा मान मिळालेला हा दुसराच रोग. २०२२ मध्ये गुरांत लम्पीची साथ आली, बैलबाजार बंद पडले, पोळ्याच्या मिरवणुकांना खीळ बसली, तेव्हा गुरांना टोचली ती शेळ्यांच्या देवीची लस. पोळ्याला आपण बैलाची पूजा करतो आणि ते योग्यच. बकरीचं ऋण मात्र पंचांगात कुठे नोंदलेलं नाही.

माणसाच्या बाजूचा हिशेबही असाच. कुत्रं चावल्यावर पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत, ही आठवण पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाकडे आहे. ती लस डेव्हिड सेंपलनं १९११ मध्ये कसौलीला तयार केली. मेंढीला रेबीज द्यायचा, ती मरणाला टेकली की तिचा मेंदू काढायचा, त्यातला विषाणू रसायनानं मारायचा, की लस तयार. काही माणसांना या लसीनं अर्धांगाचा त्रासही झाला, पण तिनं लाखोंना वाचवलं, आणि देशात ती थेट २००४-०५ पर्यंत वापरात होती. आता पेशींवर वाढवलेली लस दंडात टोचतात, मेंढी सुटली. घोडा अजून सुटलेला नाही. खोल चाव्याच्या जखमेत जी तयार प्रतिद्रव्यं सोडतात ती बहुतेकदा घोड्याच्या रक्तातून काढलेली असतात. माणसंही या सूनेतून सुटलेली नाहीत. हिंगोली ज्या निजामी मुलखात होती त्याच मुलखात, सिकंदराबादेला, रोनाल्ड रॉसला २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला. ते डास हुसेन खान नावाच्या एका आजारी माणसाला चावू दिलेले होते, आणि चावणाऱ्या प्रत्येक डासामागे त्याला एक आणा मिळाला. रॉसला १९०२ मध्ये नोबेल मिळालं.

हे सगळं करायला नको होतं, असं कुणी म्हणत असेल तर त्यानं रेबीज झालेला माणूस पाहिलेला नाही. पाण्याचा पेला समोर आणला तरी घसा आवळतो. वाऱ्याची झुळूकही सोसत नाही. शुद्ध असते, आणि लक्षणं दिसू लागल्यावर जवळजवळ कुणी वाचत नाही. चूल पेटवायलाच हवी होती. प्रश्न देणं फेडण्याचा आहे.

आणि इथे कुत्र्याकडे परत यावं लागतं. पाश्चरनं ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या पोराला रेबीजची लस टोचली, हे शाळेच्या पुस्तकात असतं. त्याआधी ती लस कुत्र्यांवर तपासली होती आणि कुत्रे वाचले होते, हे तितकंसं नसतं. म्हणजे प्रयोगशाळेत कुत्र्याला लस माणसाच्या आधी मिळाली. रस्त्यावर मात्र त्याची पाळी फार उशिरा आली, आणि आपल्या बहुतेक गावांत अजून आलेलीच नाही. गेली कित्येक दशकं आपण चावा बसल्यावर माणसाला टोचतो आहोत आणि कुत्रा तसाच फिरतो आहे. एका देशव्यापी पाहणीच्या आधारे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी अलीकडे अंदाज मांडला, की देशात वर्षाला सुमारे ९१ लाख लोकांना जनावरं चावतात, त्यांतले तीन-चतुर्थांश चावे कुत्र्यांचे, आणि रेबीजनं वर्षाला ५,७२६ माणसं मरतात.

पिसाळलेल्या कुत्र्याला आपण गुन्हेगार धरतो. खरं तर तो रुग्ण असतो. कुठल्या तरी दुसऱ्या चाव्यातून विषाणू त्याच्या अंगात शिरतो, नसांमधून सरकत मेंदूत पोचतो, तिथून लाळेत उतरतो आणि त्या मेंदूला चावायला लावतो. चावा कुणी घेतला, कुत्र्यानं की त्याच्या डोक्यातल्या विषाणूनं? कर्मफळाचा हिशेब मांडणाऱ्यांना हे गणित सुटणं कठीण आहे. कुत्रा तर दहा दिवसांच्या आत मरूनच जातो, आणि त्या मरणाची नोंद कुठेच होत नाही.

गोव्यानं वेगळा रस्ता धरला. राज्य सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी २०१३-१४ पासून कुत्र्यांनाच लस द्यायला सुरुवात केली, पुढे पुढे वर्षाला लाखाच्या घरात. परिसरातल्या दर दहांपैकी सात कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, हे त्यामागचं गणित. पथकातली माणसं लांब दांड्याची जाळी घेऊन गल्लीत शिरतात, कुत्र्याच्या मागे धावतात, जाळीत धरतात, सुई टोचतात, पाठीवर रंगाची खूण करतात आणि तिथेच सोडून देतात. शाळाशाळांत मुलांना चाव्याबद्दल शिकवलं जातं. कुत्र्यांमधल्या रेबीजचं मासिक प्रमाण ९२ टक्क्यांनी घसरलं. माणसांचे रेबीजनं होणारे मृत्यू २०१४ मध्ये दोन आकड्यांत होते, २०१८ पासून सलग काही वर्षं एकही झाला नाही.

गल्लीत कुत्र्यामागे धावणारा हा माणूस कीर्तनात पाहिल्यासारखा वाटतो. नामदेवांच्या गोष्टीतली खरी खुबी तुपात आहे. कुत्र्यात देव दिसला म्हणून नामदेव हात जोडून उभे राहिले नाहीत, त्याच्या पोळीला काय कमी आहे ते त्यांनी पाहिलं आणि ते घेऊन ते धावले. सातशे वर्षांपूर्वी तूप कमी होतं. आज लस कमी आहे.

कुत्र्यांवरून सध्या देश दोन टोकांना उभा आहे. सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्लीतले भटके कुत्रे उचलून निवाऱ्यांत ठेवायला सांगितलं आणि २२ ऑगस्टला त्यात बदल करून नसबंदी आणि लसीकरणानंतर, पिसाळलेले आणि हिंस्र वगळता, ते होते तिथे परत सोडायला सांगितलं. दोन्ही वेळा एक बाजू जिंकल्यासारखी नाचली आणि दुसरी रडली. रोज संध्याकाळी बिस्किटांचा पुडा फोडून पुण्य कमावणारा आणि हातात काठी घेऊन फिरणारा, यांच्यातल्या कुणाच्याही खिशात लसीकरणाचं कार्ड सापडत नाही. पहिल्याला कुत्र्यात फक्त देव दिसतो, दुसऱ्याला फक्त रोग. विसोबांच्या शिष्यानं दोन्ही पाहायला हवेत, कारण देव नसलेली जागा नाही हे मान्य केलं, तर रोग झालेल्या जागेकडेही पाठ फिरवता येत नाही.

तेव्हा बाळापुरात असो की आणखी कुठे, कुत्रं चावलं तर चुना, तिखट, हळद यांतलं काहीही लावू नका. जखम वाहत्या पाण्याखाली धरा, साबण लावा आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं धूत राहा. मग दवाखान्यात जा, आणि जखम भरून आली तरी कागदावर लिहिलेली प्रत्येक तारीख पाळा. त्याच आठवड्यात गल्लीतल्या, वाड्यातल्या, शेतावर राखणीला ठेवलेल्या कुत्र्यांसाठी पशुवैद्यकीय दवाखान्यातही चौकशी करा. त्यांना ही सुई दरवर्षी लागते.